पेवांचा नकाशा

गल्लावसुलीचे, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचे, नायबसाहेब टांग्यातून खाली उतरले ते रेणुकादास मास्तरसाठी, आणि तेही भर वजिराबादेत, डाकघरासमोर, सकाळी अकराच्या सुमाराला. उतरायची तशी काही गरज नव्हती. अंमलदारानं टांग्यात बसून बोलावं आणि मास्तरनं खाली उभं राहून मान हलवावी, हीच नांदेडची रीत. पण हे उतरले. शेरवानी सावरत जवळ आले आणि रेणुकादासचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. पानवाल्याचा हात पान लावता लावता थांबला. समोरच्या शिंप्यानं मशीनवरून मान वर केली. रेणुकादासच्या काखेत सातवीच्या जुगराफियाचे, भूगोलाचे, पेपर होते, ते निसटायला लागले, आणि ते कोपरानं दाबून धरता धरता त्याला जे वाटलं ते सुख होतं. निव्वळ सुख. सरकारी मदरशात चौदा वर्षं इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या माणसासाठी आजवर कुणी टांगा थांबवला नव्हता.

"मास्टरसाहब, कब से ढूँढ रहा हूँ आपको," नायबसाहेब म्हणाले. माणूस सभ्य होता, डोळ्यांत खरं कौतुक होतं. "मेरे वालिद भी मुदर्रिस थे, इसलिए कदर जानता हूँ. आपका मजमून पढा. क्या काम का निकला, पूछिए मत! वडथडी में तो आपने घरवाले का नाम तक दे रखा था. सीधे शरणप्पा के दरवाजे पर पहुँचे. नक्शे पर छह निशान, जमीन में अनाज के छह पेव. एक भी गलत नहीं. इसको कहते हैं तहकीक!" मग जरा आवाज उतरवून, हिशेबातली चूक सांगावी तसं, "एक हादसा हुआ अलबत्ता. वो शरणप्पा नीचे उतरा तो जिंदा ऊपर नहीं आया. खैर." आणि लगेच आवाज पुन्हा चढवून, "मैंने ऊपर लिखा है. पूरे सूबे से सौ मुदर्रिस बुलाएँगे. गाँव का सर्वे कैसे करते हैं, आप सिखाएँगे. हुक्म आता ही होगा."

"शुक्रिया," रेणुकादास म्हणाला.

टांगा निघून गेला. पानवाल्यानं पान पुरं केलं, शिंप्याची मशीन सुरू झाली, आणि रेणुकादास तिथंच उभा राहिला. ऐकलेलं आता त्याच्यापर्यंत पोचत होतं. विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज उशिरा यावा तसं. शरणप्पा खाली उतरला. वर आला नाही. आणि आपण शुक्रिया म्हणालो. नेमके कोणत्या वाक्याला म्हणालो? शंभर मुदर्रिसांच्या वाक्याला. पण त्याआधीचं वाक्य तोवर होऊन गेलेलं होतं, कानांत शिरलेलं होतं. म्हणजे ते ऐकूनसुद्धा म्हणालो. दिवसभर त्याचं मन त्या तीन-चार क्षणांभोवती फिरत राहिलं, घाण्याच्या बैलासारखं. वर्गात त्यानं फळ्यावर गोदावरी काढली. त्र्यंबकहून निघालेली रेघ नांदेडपाशी आली तेव्हा खडू तसाच टेकून राहिला. मुलं वाट बघत होती. त्याला वाटलं, आपण नकाशावर जिथं जिथं खडू टेकवू तिथं कुणीतरी पोचेल. त्यानं फळा पुसला आणि मुलांना म्हणाला, मनातल्या मनात वाचा.

घरी सौदामिनीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "काय झालं हो?" सगळं सांगायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून जे सोपं होतं तेवढंच बाहेर आलं. "सरकारातून बोलावणं येणार आहे. शंभर मुदर्रिसांना शिकवायचंय." ती हातातलं काम टाकून उठली. देवापुढं साखर ठेवली आणि चिमूटभर त्याच्या हातावर दिली. किती वर्षं तिनं उन्हाळ्यात हा माणूस उन्हात पाठवला होता! कंबरेला शिंप्याचा टेप, खिशात मदरशाच्या कपाटातलं होकायंत्र, पिशवीत तिनं केलेल्या दशम्या. सोबतचे मुदर्रिस हसायचे, लोक सुट्टीत आंबे खातात, रेणुकादासपंत खड्डे मोजतात. तिला ते हसणं लागायचं. आता ती म्हणाली, "आता हसून दाखवा म्हणावं त्यांना." त्यानं साखर तोंडात टाकली. ती विरघळेपर्यंत तो काहीच बोलू शकला नाही, आणि विरघळल्यावर बोलायचं राहून गेलं.

हे सगळं सुरू झालं एका परिपत्रकानं. सात वर्षं झाली असतील. शिक्षकांच्या अंजुमननं छापलेला तो पिवळट कागद सदर मुदर्रिसांच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या, टेबलावर पडला होता आणि त्यावर लोटा ठेवल्याचं गोल उमटलेलं होतं. मुदर्रिसानं नुसतं पढवू नये, शोधावंही. आपल्या गावाची, आपल्या तालुक्याची तहकीक करावी. चांगले मजमून, निबंध, हैदराबादच्या जलशात, वार्षिक सभेत, वाचले जातील, त्रैमासिकात छापले जातील. दुसऱ्या कुणी तो पुरता वाचलाही नाही. रेणुकादासनं तो खिशात घातला. त्यावेळी तो दिल्लीच्या बादशहांच्या सनावळ्या पाठ करून घ्यायचा आणि रोज संध्याकाळी त्याला वाटायचं की आपण दुसऱ्याच कुणाच्या घरातली भांडी मोजून देतो आहोत. या मुलांच्या पायाखाली काय आहे? त्यांचे आजे काय खात होते, दुष्काळात कसे जगले? बादशहांच्या किताबात ते कुठंच नव्हतं. शोधता शोधता तो पेवांपाशी आला. जमिनीच्या पोटात ज्वारी साठवायची ही रीत किती जुनी, कोणत्या मातीत पेव टिकतं, कोणत्या मातीत पाणी झिरपतं, गावानं ती जागा कशी हेरली, यावर एकही अक्षर कुणी लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या दिवशी तो आनंदानं गोदावरीच्या घाटावर नुसता येरझारा घालत राहिला होता. जगात काहीतरी असं आहे जे फक्त मला ठाऊक होणार आहे! माणसाला एवढं पुरतं. एवढ्यावर माणूस कुठल्या कुठं जातो.

कंधार आणि लातूरच्या मधे, मोटारीच्या रस्त्यापासून कोसभर आत वडथडी. पहिल्या वर्षी शरणप्पाच्या आईनं, गुरम्मानं, रेणुकादासला शिधा दिला होता. ब्राह्मण माणूस, आपला आपण रांधून खाईल म्हणून. तिसऱ्या वर्षी त्यानंच तिच्या हातची भाकरी मागून घेतली. म्हातारी हसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि दातांत एक फट. शरणप्पा तिला अव्वा म्हणायचा म्हणून हाही अव्वा म्हणायला लागला. पेवं दाखवायला शरणप्पा कांकू करत होता. इंग्रजांची लढाई सुरू झाली होती, सरकार धान्यावर डोळा ठेवून आहे अशी कुणकुण होती. घरटी ठरावीक ज्वारी भरावी लागेल म्हणत होते. "दाखव की त्याला," गुरम्माच म्हणाली. "मास्तर हाय त्यो. मास्तर कुणाला सांगंल?" मग गोठ्यातला बैल बाजूला बांधला, शेणमाती खरवडली, शिळा सरकवली, आणि जमिनीला तोंड फुटलं. एका माणसाच्या खांद्याएवढं. आतून उबट, आंबूस, जिवंत असा वास आला, झोपलेल्या मोठ्या जनावराच्या तोंडाचा यावा तसा. रेणुकादास उतरायला गेला तर तिनं दंडाला धरून मागं ओढला. "आज न्हाई. आजचा दीस उघडं राहू द्या. बारा मैने कोंडलेलं हाय, आधी ते दम घेतंय, मंग आपुन." दुसऱ्या दिवशी कंदील दोरीला बांधून खाली सोडला. कंदील तेवत राहिला तेव्हाच त्याला उतरू दिलं. आतून पेव मडक्यासारखं फुगलेलं होतं. गुळगुळीत लिंपलेल्या, कडब्याचं अस्तर लावलेल्या भिंतींवर त्यानं तळवा ठेवला. वर आभाळाचा रुपयाएवढा तुकडा आणि त्यात गुरम्माचं डोकं. "कसं हाय, मास्तर?" "छान आहे, अव्वा," तो खालून ओरडला होता, आणि त्याचा आवाज त्यालाच मोठा होऊन परत मिळाला होता.

हे सगळं त्यानं लिहिलं. बत्तीस पानं झाली. जलशाकडून कळलं, दहाच पानं छापता येतील. हैदराबादेत सुलतानबाजारात भाच्याच्या माडीवर बसून त्यानं दोन दिवस काटछाट केली. जुन्या राजवटींचे दाखले ठेवले, कारण त्यानं मजमुनाला वजन येत होतं. नकाशा ठेवला, कारण तसा नकाशा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. एकेका पेवाला एकेक ठिपका. तळटीप ठेवली: वडथडीच्या शरणप्पांनी आपल्या घरची सहा पेवं दाखवली, त्यांचे मनापासून आभार. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव लिहिल्याशिवाय तहकीक पुरी होत नाही, असं तो मानत होता, आणि अशा खरेपणाचा त्याला अभिमान होता. आणि पेव उघडताना घ्यायची काळजी, कंदील, एक दिवसाचा दम, हा पाऊण पानाचा परिच्छेद त्यानं कापला. तो घरगुती वाटत होता. बायकांच्या बोलण्यासारखा.

दोन दिवस तो मदरशात गेला आणि घरी आला. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन दिवसांची रुखसत मागितली आणि सौदामिनीला कंधारला जातो म्हणाला. ते खोटं नव्हतं. मोटार कंधारवरूनच जाते. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून रेल्वे खात्याच्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली होती आणि चढ आला की ती दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. कंधारला क्लीनरनं भट्टी ढवळली तेव्हा माणसं खाली उतरली, किल्ल्याच्या बाजूला जाऊन आली, कुणी चहा घेतला. रेणुकादास जागेवरच बसून राहिला. तो मनाशी वाक्य जुळवत होता. अव्वा, एक सांगायचंय. अव्वा, माझ्या हातून एक चूक झाली. चूक हा शब्द त्यानं तपासून पाहिला. इम्तिहानात मुलं वजिराचं नाव चुकतात त्यालाही चूकच म्हणतात. दुसरा शब्द त्याला सापडेना. उर्दूत होता, फारसीत होता, पण त्या भाषांत गुरम्माशी बोलता येत नव्हतं.

ती अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती. पावलांच्या आवाजावरूनच म्हणाली, "मास्तर का? या. कळलं व्हय तुमाला?" उत्तराची वाट न बघता तिनं सुनेला, शिवकांताला, हाक मारून भाकरी टाकायला सांगितलं. रेणुकादास नको नको म्हणाला. "उपाशी कसं बसाल, लांबून आलाव," ती म्हणाली आणि आपणहून सांगायला लागली. बऱ्याच जणांना सांगून सांगून तिच्या बोलण्याला आता कड राहिलेली नव्हती.

"धा शिपाई आले. सरळ आले बगा. गावात कुणाला इचारलं न्हाई की काई न्हाई. येशीतून थेट आमच्या गोठ्यात. हातात कागद. हितं खणा, तितं खणा. म्या म्हणलं, साहेब, आजचा दीस उघडं राहू द्या, आत वाफ कोंडली हाय. ते म्हणले, म्हातारी येळ काढून राहिली, रातीत धान्य हलवायचा डाव हाय. कागदात आसं काई न्हाई, म्हणले. शरण म्हणला, अव्वा, उतरतो मी, ह्यांची कटकट तरी मिटंल. दोरी कंबरंला बांधली हुती. वढली तवा लई जड झाला हुता." तिनं सूप हलवलं. "खड्ड्यातून काढला आन खड्ड्यात बसवला. आमच्यात जाळीत न्हाईत."

कागदात आसं काई न्हाई. रेणुकादासच्या पुढ्यात भाकरी आली होती, तीवर वरण ओतलं होतं, आणि त्यानं पहिला घास तोंडात घातला होता. तो चावत राहिला. घास संपेना. सून पदर पुढं ओढून दाराआड उभी होती. तिच्या फक्त पायांची बोटं दिसत होती.

"आन कुणी सांगितलं ते बी कळलं," गुरम्मा म्हणाली. "चंद्रप्पानं. दुसरं कोण? गावातली समदी पेवं तेच लिंपतंय, तेलाच ठावं. त्या दिशी बरुबर उदगीरच्या बाजारला निघून गेलं. गावानं तेचं पाणी तोडलं. लातूरला जाऊन हमाली करून राहिलंय म्हणं. मरंना तिकडं."

आता. याहून सरळ जागा मिळणार नव्हती. वाक्य तयार होतं, फक्त घास गिळायचा होता. त्यानं तो गिळला आणि म्हणाला, "हं."

एवढंच. मग त्यानं उरलेली भाकरी खाल्ली, पानात काही टाकलं नाही, हात धुतला, वाकून नमस्कार केला, आणि कोसभर चालत रस्त्यावर आला. लातूरकडे जाणारी मोटार मिळेपर्यंत तो एका बाभळीखाली बसून होता. स्वतःचा राग यावा असं त्याला फार वाटत होतं, पण राग येत नव्हता. त्यानं मनाची समजूत घातली की आधी चंद्रप्पाला भेटणंच रास्त आहे. अन्याय त्याच्यावर झालाय, त्याची क्षमा आधी. ही समजूत किती चलाख आहे हे त्याला समजत होतं. मेलेल्या माणसाच्या आईपेक्षा बदनाम झालेल्या माणसाला तोंड देणं सोपं होतं, म्हणून तो लातूरला निघाला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे मोटारीत, धुरानं डोळे मिटले असता, त्याच्या मनात आपोआप एक टाचण तयार होत होतं: सौ मुदर्रिस. पहिला दिवस, दिशा आणि होकायंत्र. दुसरा दिवस, वाटा आणि पाणवठे. तिसरा दिवस, माहिती देणाऱ्याशी कसं बोलावं. तो दचकून डोळे उघडायचा. पुन्हा मिटले की चौथा दिवस सुरू व्हायचा. चौदा वर्षं वाट पाहिलेलं मन. त्याला कुणी मेलंय हे कळतच नव्हतं.

रात्र त्यानं लातुरात एका मठाच्या ओट्यावर काढली आणि सकाळी गंजबाजारात गेला. शेंगांच्या पोत्यांच्या थप्प्या, तागाची धूळ, तेलकट उन्हाचा वास, आडत्यांची ओरड. चंद्रप्पा त्याला पाठीवरच्या पोत्यासकट सापडला. पन्नाशीचा, काटकीसारखा माणूस. बोटांच्या पेरांत अजून पेवांची पांढरी माती असावी असं रेणुकादासला उगीच वाटलं. पोतं उतरवून त्यानं पटक्यानं तोंड पुसलं आणि ओळखलं. "मास्तर न्हवं? खड्डे मोजणारे?"

"चंद्रप्पा," रेणुकादास म्हणाला, "तुम्ही नाही सांगितलंत. मला माहीत आहे."

"मलाबी माहीत हाय," चंद्रप्पा म्हणाला. "गावाला न्हाई."

मग रेणुकादासनं सांगितलं. आश्चर्य म्हणजे सगळं सरळ सांगता आलं. मजमून, नकाशा, तळटीप, टांगा. पिशवीतून त्रैमासिक काढून त्यानं ठिपके दाखवले. चंद्रप्पानं कागदाला हात लावला नाही, दुरूनच पाहिलं. एका ठिपक्याकडे बोट करून म्हणाला, "हे पारामागलं. ह्येचं तोंड म्याच लिंपलेलं."

"गुरम्माला सांगितलं?"

"नाही."

"तिकडं जाऊन आलाव न्हवं?"

"आलो."

"जेवलाव?"

रेणुकादासनं खाली पाहिलं. "हो."

"मंग मला कामून सांगून राहिलाव?" चंद्रप्पाचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो सहन होईना. "माझं ल्योक न्हाई मेलं. तिचं मेलं." त्यानं मुकादमाला काहीतरी सांगितलं, खांद्यावर घोंगडी टाकली. "चला."

"माझी रुखसत आज संपते," रेणुकादास म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं, आपली जीभ कुणीतरी कापून टाकावी.

"तुमची सुट्टी संपली म्हणून शाळा कुटं पळून जात न्हाई," चंद्रप्पा म्हणाला. "माझं गाव गेलंय."

परतीच्या मोटारीत चंद्रप्पा त्याच्या शेजारी बसला तो अंग चोरून, हात मांडीवर ठेवून, जसा कैद्याशेजारी पहारेकरी बसतो. सगळ्या वाटेत एकच बोलला: त्या दिवशी तो उदगीरला गेला होता तो बायकोसाठी दम्याचं औषध आणायला. पुडी अजून घरात आहे, म्हणाला; घर बंद आहे. रेणुकादासला कळत होतं की आज जे होईल ते नांदेडला पोचेल. सरकारी वसुलीविरुद्ध गावात बोलला, एवढं पुरे होईल. आणि ते पोचलंच. महिन्याभरात त्याची बदली हिमायतनगरकडच्या एका तहतानिया शाळेत झाली, जिथं भूगोल नव्हता, नुसती बाराखडी होती. शंभर मुदर्रिसांचा वर्ग दुसऱ्याच कुणी घेतला, आणि त्यात शिकवण्याचा नमुना म्हणून वडथडीचाच नकाशा भिंतीवर लावला होता असं त्याला पुढं कळलं. पण त्या दुपारी त्याला बदलीची भीती वाटत नव्हती. मोटारीच्या भट्टीचा धूर, चंद्रप्पाच्या घोंगडीचा वास, आणि पुढं एक अंगण, एवढंच जग उरलं होतं.

वेशीपाशी चंद्रप्पा थांबला. "मला आत मनाई हाय. तुमी जावा."

गुरम्मा त्याच जागी बसली होती. तो परत का आला हे तिनं विचारलं नाही. तो उभाच राहिला, बस म्हटलं असतं तरी बसला नसता.

"अव्वा, चंद्रप्पानं नाही सांगितलं. मी सांगितलं."

"कुणाला?"

"कागदात लिहिलं. तो छापला. त्यांच्या हातात होता तो माझाच कागद."

तिला ते समजायला वेळ लागला. घरात भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. "शरणचं नाव हुतं त्यात?"

"होतं. आभार मानले होते."

"कशाचे?"

"पेवं दाखवली म्हणून."

"दाखव म्हणून म्याच म्हणलं हुतं," ती म्हणाली. हे ती त्याला सांगत नव्हती. मग मान वर करून तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, एक अडलेला प्रश्न होता. "मंग कंदिलाचं? दिसभर उघडं ठिवायचं? तुमाला सांगितलं हुतं म्या. दंडाला धरून सांगितलं हुतं. ते न्हाई लिवलं?"

"लिहिलं होतं."

"मंग?"

"कापलं."

"कामून?"

त्याला वाटलं, या जागी काहीतरी दुसरं उत्तर असायला हवं होतं. मोठं काहीतरी; लोभ, भीती, धमकी. आपण कुणाच्या दबावाखाली असतो तर किती बरं झालं असतं. पण नव्हतं तसं काहीच.

"पानं जास्त होत होती," तो म्हणाला.

दाराआडून शिवकांता बाहेर आली, चौकटीला धरून उभी राहिली, आणि तिनं पदर पुढं ओढला नाही. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. तांब्या भरला. रेणुकादासला वाटलं, आपल्यासाठी. हातही किंचित पुढं आला. ती त्याच्या बाजूनं, त्याला धक्का न लागू देता, निघून गेली. वाटेतली माणसं थांबून बघायला लागली. वेशीत तिनं तांब्या चंद्रप्पापुढं धरला. चंद्रप्पानं ओंजळ केली नाही, तांब्याच हातात घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्याला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना सगळ्या वाटेला दिसली. ती परत आली ती अंगणात शिरलीच नाही. बाहेरूनच म्हणाली, "हितं सांगून काय उपेग? पारावर चला. समद्यांम्होरं सांगा."

उन्हं कलली होती. खळ्यांवरून माणसं परतत होती, आणि जी परतत होती ती पाराशी थांबत होती. तीस, चाळीस, मग मोजणं संपलं. हैदराबादेत जलशात तो चारशे मुदर्रिसांपुढं उभा राहिला होता, पहिली पाच मिनिटं तर हातात कागदसुद्धा न घेता बोलला होता, आणि त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला होता. इथं त्यानं तोंड उघडलं तेव्हा पहिलं वाक्य उर्दूत आलं. ते त्यानं गिळलं. दुसरं आलं ते छापील होतं: वडथडीच्या बंधूंनो. तेही गिळलं. म्हाताऱ्या माणसांनी विड्या विझवल्या. बायका भिंतीच्या सावलीत बसल्या आणि गुरम्मा त्यांच्यात बसली, सगळ्यांसारखीच, ऐकायला आल्यासारखी. चंद्रप्पा आत आला होता पण पाराजवळ नाही, सगळ्यांच्या मागं, वेशीच्या दगडाला पाठ लावून उभा होता. रेणुकादासनं आपल्या पायांकडे पाहिलं, मग माणसांकडे. चेहरे वाट बघत होते, वर्गातले बघतात तसे, शिकायला मिळणार म्हणून.

"शरणप्पाच्या घरी शिपाई आले," तो म्हणाला, "त्यांच्या हातात जो कागद होता, तो..."

पुढचं त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही. ओठ हलत होते. पुढच्या रांगेतल्या एकानं कानामागं हात धरला. आणि गर्दीच्या मागून, वेशीकडून, चंद्रप्पाचा आवाज आला, राग नाही की दया नाही, पेवाच्या तोंडाशी बसून आतल्या माणसाला सांगावं तसा स्वच्छ:

"मोठ्यानं बोला, मास्तर. मागं ऐकू येईना."